नर्सिंग डायग्नोसिसचं नाव लिहिल्यानं रुग्णाला काय मिळतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वॉर्डातल्या नोंदी कागदावरून संगणकावर जात आहेत. नव्या पद्धतीत नर्सिंग डायग्नोसिस (रुग्णाच्या ज्या अडचणीवर नर्स काम करते तिचं नाव, डॉक्टरच्या आजाराच्या निदानाहून वेगळं) ठरलेल्या यादीतून निवडायचं, काळजीच्या कृतीही यादीतूनच निवडायच्या आणि परिणामाला आकडा द्यायचा. प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरचं म्हणणं असं, की रुग्ण आमच्या डोळ्यांसमोर असतो, काम आम्ही करतोच आणि जे केलं ते साध्या शब्दांत लिहितोही. मग ही ठोकळेबाज भाषा कशासाठी? तिच्यात जो वेळ जातो, तो रुग्णाजवळ घालवला तर काय वाईट? आणि शिकायचंच असेल तर नँडा, एनआयसी, एनओसी, आयसीएनपी, ओमाहा, स्नोमेड या प्रमाणित संज्ञांच्या याद्यांपैकी नेमकं काय शिकायचं?

मी अनेक वर्षं वॉर्डात काम केलं आहे आणि नंतर नोंदी तपासण्याचं व शिकवण्याचंही. त्यावरून सांगते: प्रमाणित संज्ञा रुग्णाच्या उपयोगाची ठरते, पण त्याला दोन अटी आहेत. संज्ञा निवडण्याआधी रुग्णाची नीट तपासणी झालेली असली पाहिजे, आणि ती निवडल्यामुळे पुढच्या पाळीत कुणीतरी काहीतरी वेगळं केलं पाहिजे. यातली एक जरी अट सुटली, तर तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. मग ती नुसती भरताड होते.

त्वचेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. खुब्याचं ऑपरेशन झालेला वयस्क रुग्ण आहे. सकाळच्या पाळीची सिस्टर लिहिते, ‘माकडहाडाजवळ त्वचा लालसर.’ दुपारची लिहिते, ‘पाठीला रॅश.’ रात्रीची लिहिते, ‘बेडसोर सुरू, पावडर लावली.’ तिघींनीही रुग्णाकडे पाहिलं आहे, तिघींनीही खरं लिहिलं आहे. पण दुसऱ्या दिवशी येणाऱ्या चौथीला यातून काय कळणार? जागा तीच आहे का, कालपेक्षा सुधारली की बिघडली, मधे कुणी काही केलं असेल तर ते लागू पडलं का, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. तिला सगळं पहिल्यापासून पाहावं लागतं आणि तीही आपल्या शब्दांत नवी नोंद करते. असं चार दिवस चाललं, की जखम उघडी पडल्यावर सगळे म्हणतात, ‘अचानक झालं.’

आता ठरलेली भाषा काय सांगते ते पाहा. त्वचा अखंड आहे, लाली आहे आणि बोटानं दाबून सोडल्यावर ती पांढरी पडत नाही, तर ही पहिल्या टप्प्याची प्रेशर इंजुरी, म्हणजे दाबामुळे झालेली इजा. वरचा थर गेला आहे, ओलसर गुलाबी अंतस्त्वचा दिसते किंवा पाण्याचा फोड आहे, तर दुसरा टप्पा. त्वचेची पूर्ण जाडी जाऊन चरबी दिसू लागली, तर तिसरा. स्नायू, कंडरा किंवा हाड उघडं पडलं किंवा हाताला लागलं, तर चौथा. पिवळ्या किंवा काळ्या मृत ऊतींनी तळ झाकला गेल्यामुळे खोली कळत नसेल, तर तिला टप्पा द्यायचा नाही, ‘टप्पा ठरवता येत नाही’ असंच लिहायचं. आणि त्वचा अखंड असून गडद लाल, तपकिरी-लाल किंवा जांभळा डाग दाबूनही जात नसेल, तर आतल्या ऊतींची इजा धरायची, कारण ती पुढच्या काही दिवसांत झपाट्यानं उघडू शकते. 2016 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल प्रेशर अल्सर अ‍ॅडव्हायझरी पॅनेलनं ‘प्रेशर अल्सर’ हे नाव बदलून ‘प्रेशर इंजुरी’ केलं, त्याचं कारणही व्यवहाराचंच होतं. अखंड त्वचेखालीही इजा झालेली असते, आणि ‘अल्सर’ म्हटलं की माणूस उघड्या जखमेची वाट पाहत बसतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फार वेळा राहून जाते. गडद वर्णाच्या त्वचेवर लाली दिसेलच असं नाही. तिथे शेजारच्या त्वचेशी तुलना करावी लागते: तेवढीच जागा जास्त गरम किंवा गार लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, तिथे दुखतं का. संज्ञेची व्याख्या पाठ असली पण हात लावून पाहिलं नाही, तर पहिला टप्पा हातचा निसटतो आणि नोंदीत ‘त्वचा सामान्य’ असं पडतं.

याच जागेवर आणखी एक गोंधळ होतो. लघवी किंवा शौचाच्या ओलाव्यानं त्वचा सोलवटते, तिलाही सर्रास ‘बेडसोर’ म्हटलं जातं. दिसायला दोन्ही सारखी वाटू शकतात. पण दाबाची इजा सहसा हाडाच्या उंचवट्यावर असते आणि तिची कड ठळक असते. ओलाव्याची इजा पसरट असते, कडा अस्पष्ट असतात, ती नितंबांच्या घडीत किंवा जांघेत असते. पहिलीवर उपाय म्हणजे दाब काढणं: कूस बदलणं, योग्य गादी, टाचा अधांतरी ठेवणं. दुसरीवर उपाय म्हणजे त्वचा वेळेवर स्वच्छ करणं, कोरडी राखणं, संरक्षक मलम लावणं आणि मुळात ओलावा का होतोय हे शोधणं. सगळ्याला एकच ‘बेडसोर’ म्हटलं, तर ओलाव्याच्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलली जाते आणि त्याचा डायपर मात्र तसाच राहतो. नाव बरोबर पडलं की हात बरोबर जागी जातो. प्रमाणित भाषेच्या बाजूनं माझ्याकडे याहून मोठा युक्तिवाद नाही.

आकड्यांच्या बाबतीतही हेच. दाबाची इजा होण्याचा धोका मोजणारं ब्रेडन स्केल 1987 पासून प्रसिद्ध आहे आणि बहुतेक ठिकाणी वापरात आहे. त्यात 6 घटक असतात: दाबाची जाणीव, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आहार, आणि घर्षण. एकूण गुण 6 ते 23. गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि प्रौढांत साधारणपणे 18 किंवा त्याहून कमी म्हणजे धोका धरतात. नोंदी तपासताना मला बहुतेक वेळा फक्त बेरीज लिहिलेली सापडते. ‘ब्रेडन 15.’ पुढे काही नाही. पण 15 गुण दोन अगदी वेगळ्या रुग्णांचे असू शकतात. एकाचे गुण मुख्यतः हालचालीत गेले असतील, दुसऱ्याचे मुख्यतः आहारात आणि ओलाव्यात. पहिल्याला कूस बदलण्याचं वेळापत्रक हवं, दुसऱ्याला आहारतज्ज्ञ आणि स्वच्छतेची योजना. म्हणून बेरजेबरोबर कमी गुण पडलेला घटक लिहा आणि त्याच घटकावर कृती निवडा.

आता नर्सिंग डायग्नोसिसकडे येते, कारण खरा राग त्याच्यावर असतो. 1973 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे क्रिस्टीन गेबी आणि मेरी अ‍ॅन लॅव्हिन यांनी नर्सिंग डायग्नोसिसच्या वर्गीकरणासाठी पहिली राष्ट्रीय परिषद बोलावली. त्यातून 1982 मध्ये नँडा ही संघटना उभी राहिली, आणि 2002 मध्ये तिचं नाव नँडा इंटरनॅशनल झालं. 2021-23 च्या आवृत्तीत 267 डायग्नोसिस आहेत, 13 क्षेत्रांत विभागलेली. कृतींचं वर्गीकरण म्हणजे एनआयसी आणि परिणामांचं म्हणजे एनओसी, ही दोन्ही आयोवा विद्यापीठात तयार झाली. पहिलं 1992 मध्ये पुस्तकरूपानं आलं, दुसरं 1997 मध्ये. तिन्ही मिळून एक साखळी होते: काय बिघडलं आहे, मी काय करणार, आणि त्यानं कितपत फरक पडला.

267 नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. एका वॉर्डात रोज लागणारी नावं फार थोडी असतात. अडचण संख्येची नसून जवळजवळच्या नावांतून निवडण्याची आहे. श्वासाची तीन डायग्नोसिस घ्या, ज्यांत विद्यार्थी काय आणि अनुभवी नर्स काय, सगळेच अडखळतात: श्वसनमार्ग मोकळा करता न येणं, श्वसनाचा प्रकार बिघडणं, आणि वायूंची देवाणघेवाण बिघडणं. तिन्हींत रुग्ण ‘धापा टाकतोय’. पण पहिल्यात कफ साचलेला असतो, खोकल्यात जोर नसतो, छातीत घरघर ऐकू येते. दुसऱ्यात श्वासाची गती, खोली किंवा लय बिघडलेली असते. श्वास उथळ असतो, मानेचे स्नायू ओढले जातात. तिसऱ्यात हवा आत जाऊनही ऑक्सिजन रक्तात पुरेसा पोहोचत नाही किंवा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. ऑक्सिजनचं प्रमाण उतरतं, रक्तातल्या वायूंची तपासणी बिघडते, रुग्ण गोंधळतो किंवा झोपाळू होतो.

पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन झालेला, दुसऱ्या दिवसाचा रुग्ण समजा. तो खोकत नाही, कारण खोकलं की टाक्यांवर ताण येतो. कफ साचतोय, घरघर आहे, ऑक्सिजनचं प्रमाण अजून ठीक आहे. इथे ‘वायूंची देवाणघेवाण बिघडली’ असं निवडलं, तर पुढची पाळी ऑक्सिजन लावून मोकळी होईल आणि कफ तिथेच राहील. ‘श्वसनमार्ग मोकळा करता न येणं, खोकताना दुखण्याच्या भीतीमुळे, कफ साचणं व क्षीण खोकला यांवरून दिसून येतं’ असं लिहिलं, तर कृती आपोआप समोर येतात: वेदनाशामक औषधाची वेळ अशी धरा की त्याचा असर सुरू झाल्यावर खोकल्याचा आणि दीर्घ श्वसनाचा व्यायाम होईल, खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला शिकवा, बसतं करा, पाणी पुरेसं जातंय का पाहा.

वर जे वाक्य लिहिलं त्याचे तीन भाग आहेत: समस्या, कारण, आणि लक्षणं. शिकवताना सगळे जोर पहिल्या भागावर देतात. मी दुसऱ्या भागावर देते, कारण उपचार कारणात असतो. म्हणूनच कारणाच्या जागी वैद्यकीय निदान लिहू नये. ‘ऑपरेशनमुळे’, ‘पक्षाघातामुळे’, ‘मधुमेहामुळे’ असं लिहिलं की पुढे नर्सला करण्यासारखं काही उरत नाही. ऑपरेशन ती मागे घेऊ शकत नाही. ‘दुखण्याच्या भीतीमुळे’ लिहिलं की तिच्या हातात काम येतं. आणि धोक्याचं डायग्नोसिस असेल तर लक्षणं लिहायची नसतात, कारण ती अजून घडलेलीच नाहीत. तिथे फक्त धोक्याचे घटक येतात. एखादं लक्षण दिसत असेल, तर तो आता ‘धोका’ राहिलेला नाही.

परिणामाचा आकडा हा या साखळीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. एनओसीमध्ये प्रत्येक निकष 1 ते 5 असा मोजतात, 1 सर्वांत वाईट आणि 5 सर्वांत चांगलं. वरच्या रुग्णाची कफ बाहेर काढण्याची क्षमता आज 2 आहे, परवापर्यंत 4 वर न्यायची, असं ठरवून लिहिलं की प्रत्येक पाळीला उत्तर द्यावं लागतं. दोन दिवस आकडा 2 वरच राहिला, तर योजना चुकते आहे हे आपोआप दिसतं, कुणाला ओरडावं लागत नाही. ‘रुग्णाला बरं वाटत आहे’ या वाक्यातून हे कधीच दिसत नाही.

मात्र त्यात एक खड्डा आहे. माझा 3 आणि तुमचा 3 एकच असेल याची खात्री काय? वर्गीकरणात पायऱ्यांना नावं असतात, उदाहरणार्थ ‘मध्यम प्रमाणात बिघाड’, पण मध्यम म्हणजे किती हे वॉर्डानं बसून ठरवावं लागतं. आमच्याकडे आम्ही ते अगदी साध्या वाक्यांत लिहिलं: आठवण दिल्यावर खोकतो आणि थोडा कफ येतो म्हणजे 3, स्वतःहून खोकून मोकळा करतो म्हणजे 4. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही, आणि सॉफ्टवेअर विकणारे ते करून देत नाहीत.

आता तुमचे आक्षेप. वेळ जातो हे खरं आहे, आणि सुरुवातीला जास्तच जातो. पण वेळ बहुतेक करून संज्ञेत जात नाही, फाफटपसाऱ्यात जातो. एका रुग्णाला बारा डायग्नोसिस लावलेले केअर प्लॅन मी पाहिले आहेत. ‘ज्ञानाचा अभाव’ आणि ‘संसर्गाचा धोका’ ही दोन तर दाखल होणाऱ्या प्रत्येकाला चिकटवलेली असतात. जे प्रत्येकाला लागू आहे ते वॉर्डाच्या नेहमीच्या कामात धरलेलं असतं. ते वेगळं लिहायची गरज नाही. या रुग्णात, आज, ज्यावर नर्सच्या निर्णयानं फरक पडणार आहे तेवढंच लिहा. तीन-चार चालू डायग्नोसिस पुरेशी होतात. जे सुटलं ते बंद करा. कालची नोंद आज जशीच्या तशी पुढे ओढण्याची सोय संगणकात असते, तिच्यापासून जपून राहा. कॅथेटर काढून दोन दिवस झाले तरी ‘कॅथेटरमुळे संसर्गाचा धोका’ चालू राहतो तो याच सोयीमुळे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: यादीतल्या शब्दांत माणूस हरवतो. हा धोका खरा आहे. काही संज्ञा तर रुग्णावर ठपका ठेवणाऱ्या होत्या. ‘उपचारांचं पालन न करणं’ हे डायग्नोसिस अनेक वर्षं नँडाच्या यादीत होतं आणि 2018-20 च्या आवृत्तीत ते काढून टाकलं गेलं. ते गेलं ही चांगली गोष्ट झाली. ‘पालन करत नाही’ असं लिहिलं की चौकशी तिथेच थांबते. औषधानं मळमळ होते का, लेबल वाचता येत नाही का, औषध परवडत नाही का, की घरातलं कुणी नको म्हणतं, यातलं एकही त्या शब्दात नव्हतं. याद्या माणसांनीच केल्या आहेत, त्या बदलतात, आणि वॉर्डात काम करणाऱ्यांनी हरकत घेतली तरच बदलतात.

म्हणून माझा आग्रह असा, की संज्ञेच्या शेजारी मोकळ्या लिखाणाची जागा राहिलीच पाहिजे आणि तिचा वापर व्हायलाच पाहिजे. रुग्ण जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, अवतरण चिन्हांत लिहा. ‘छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय’ याचं तुम्ही ‘अस्वस्थता’ केलंत, तर पुढच्या वाचणाऱ्याच्या हातून महत्त्वाचं काहीतरी गेलं. तसंच, ‘सगळे आकडे बरोबर आहेत पण हे आज नेहमीसारखे वाटत नाहीत’ हीदेखील वैध नोंद आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 मध्ये आणलेला आणि 2017 मध्ये सुधारलेला नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे रुग्ण बिघडतोय का हे वेळीच ओळखण्याची गुणपद्धत, पूर्णपणे आकड्यांवर चालतो, पण त्यातही हेच सांगितलं आहे की गुण कमी असले तरी अनुभवी माणसाला चिंता वाटली तर मदत मागवावी. ठरलेली भाषा तुमच्या नजरेची जागा घेण्यासाठी नाही. नजरेला जे दिसलं ते दुसऱ्यापर्यंत न सांडता पोहोचावं, एवढ्यासाठी आहे.

तिसरी गोष्ट प्रश्नात नाही, पण सांगायलाच हवी: लघुरूपं. लोक प्रमाणित संज्ञांना वेळखाऊ म्हणतात आणि स्वतःची लघुरूपं मात्र मुक्तपणे वापरतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनं 2004 मध्ये काही लघुरूपांची बंदी यादी केली. ‘युनिट’साठी एकटं ‘यू’ अक्षर लिहिलं तर ते शून्यासारखं वाचलं जातं, आणि 4 युनिट इन्सुलिनचे 40 होतात. पूर्णांकामागे दशांश चिन्ह आणि शून्य लिहिलं, म्हणजे 5 ऐवजी 5.0, तर चिन्ह पुसट असताना ते 50 वाचलं जातं. उलट अर्ध्या मिलिग्रॅमसाठी 0.5 मधलं पुढचं शून्य गाळलं, तर 5 वाचलं जातं. इथे प्रमाणित लिखाणाचा प्रश्न सोयीचा राहत नाही.

आता नर्सिंगचं काम दिसण्याबद्दल. रुग्णालयाच्या हिशेबात रुग्ण ओळखला जातो तो वैद्यकीय निदानावरून. न्यूमोनियाचे दोन रुग्ण घ्या. एक चालतो, स्वतः जेवतो, चौथ्या दिवशी घरी जातो. दुसरा गोंधळलेला, अंथरुणाला खिळलेला. त्याला भरवावं लागतं, गिळताना ठसका लागतो, रात्री उठून पडायची भीती. निदान एक, कोड एक, पण नर्सचे तास कितीतरी वेगळे. हा फरक ज्या भाषेत लिहिलेला आहे ती प्रत्येक पाळीत वेगळी असेल, तर कुणी मोजू शकत नाही, आणि मग ‘या वॉर्डाला आणखी नर्स कशाला?’ या प्रश्नाला आपल्याकडे फक्त तक्रार उरते. हॅरिएट वर्ली या अमेरिकन नर्स-संशोधिकेनं 1980 च्या दशकात नर्सिंगचा किमान माहितीसंच, म्हणजे प्रत्येक रुग्णाबद्दल सगळीकडे सारखीच नोंदवायची थोडकी माहिती, मांडला तो याचसाठी. बेल्जियमनं 1988 पासून रुग्णालयांना अशी नर्सिंगची माहिती देणं बंधनकारक केलं. 2005 मध्ये वेल्टन आणि हॅलोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की वैद्यकीय गटवारीला नर्सिंग डायग्नोसिसची जोड दिली तर रुग्णालयातला मुक्काम, खर्च आणि मृत्यू यांचा अंदाज जास्त चांगला येतो. म्हणजे नर्सला जे दिसतं त्यात डॉक्टरच्या कोडमध्ये नसलेली माहिती असते. ती मोजली जावी ही मागणी नवीही नाही. 1860 मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची योजना मांडली गेली होती, ती सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी अशीच होती.

राहिला प्रश्न, कोणती पद्धत शिकायची. खरं तर ही निवड सहसा तुमच्या हातात नसते, आणि त्याचं फार ओझं घेऊ नका. आंतररुग्ण वॉर्डात नँडा, एनआयसी आणि एनओसी ही साखळी सर्वाधिक शिकवली जाते. मात्र ती संगणकात वापरायला परवाना लागतो, हे तुमच्या व्यवस्थापनाला आधीच माहीत असू द्या. घरी जाऊन किंवा वस्तीत काम करणाऱ्या नर्ससाठी मला ओमाहा पद्धत जास्त आवडते. ती 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या ओमाहा शहरात घरभेटी देणाऱ्या नर्सच्या संस्थेत सुरू झाली, सर्वांना खुली आहे, तिच्यात 42 समस्या आहेत आणि प्रत्येक समस्येत ज्ञान, वागणूक आणि स्थिती या तिघांना वेगळे 1 ते 5 गुण देतात. हे वेगळे गुण फार उपयोगी पडतात: मधुमेहाच्या रुग्णाला सगळं माहीत असतं पण तो करत नाही, तर पुन्हा तेच शिकवत बसण्यात अर्थ नाही, हे आकडेच सांगतात. व्हर्जिनिया साबा यांची क्लिनिकल केअर क्लासिफिकेशन ही पद्धतही घरगुती शुश्रूषेतूनच आली आणि संगणकाला सोयीची आहे. शस्त्रक्रियागृहासाठी वेगळी संज्ञावली आहे.

आयसीएनपी ही इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसची. तिची सुरुवात 1989 च्या ठरावापासून झाली आणि पहिली पूर्ण आवृत्ती 2005 मध्ये आली. 2021 पासून तिच्या संज्ञा स्नोमेड सीटीबरोबर दिल्या जातात. स्नोमेड सीटी आणि लॉइंक या तुम्ही पाठ करायच्या गोष्टी नव्हेत. त्या पडद्यामागच्या भाषा आहेत: पडद्यावर तुम्ही नँडाचं किंवा ओमाहाचं नाव निवडता, आणि आत त्याला एक कोड जोडलेला असतो, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकाला तेच कळावं. ढोबळ मानानं सांगायचं तर तपासणीतला प्रश्न लॉइंकमध्ये असतो, आणि उत्तर, समस्या व कृती स्नोमेडमध्ये. सॉफ्टवेअर आणणाऱ्यांना एवढाच प्रश्न विचारा की ही जोडणी केलेली आहे का आणि कुणी तपासली. नसेल, तर तुमची सगळी मेहनत त्या एका मशीनमध्ये अडकून राहील.

तुमच्या वॉर्डात हे सुरू करायचं असेल, तर सगळं एकदम करू नका. तुमच्याकडे सर्वांत जास्त येणारे रुग्ण डोळ्यांसमोर आणा आणि त्यांना लागणारी आठ-दहा डायग्नोसिस निवडा. प्रत्येकाची व्याख्या आणि लक्षणं एका कागदावर छापून नर्सिंग स्टेशनवर लावा. पाळी बदलताना हँडओव्हर त्याच नावांनी द्या. नोंदीत एक भाषा आणि तोंडी दुसरी असेल, तर नोंद कुणी वाचणार नाही. आठवड्यातून एकदा दोन सिस्टरनी एकाच रुग्णाला, एकमेकींना न विचारता, डायग्नोसिस आणि गुण द्यावेत आणि मग कागद शेजारी ठेवून पाहावेत. फरक आला तर कोण चुकलं हे न शोधता रुग्णाकडे परत जाऊन दोघींनी मिळून पुन्हा पाहावं. नव्या मुलींना आधी यादी दाखवू नका. त्यांना विचारा, ‘तुला काय दिसलं, कशावरून, आणि त्यासाठी तू काय करशील?’ हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं की मग यादी उघडा आणि जवळचं नाव शोधायला लावा. यादीत नाव सापडलंच नाही तर जबरदस्तीनं कोणतंही चिकटवायचं नाही. मोकळ्या रकान्यात लिहायचं आणि महिन्याच्या बैठकीत ते नाव मागायचं.